पेपर आधीच फुटलेला असतो: सीव्हीपासून मुलाखतीपर्यंत, पहिल्यांदाच नोकरी शोधणाऱ्यांसाठी

एका जागेसाठी आलेले १४० अर्ज मी एकदा एका बैठकीत चाळले होते. पहिले वीस नीट वाचले. तिसाव्यानंतर डोळे तीनच गोष्टी शोधायला लागले: हा माणूस सध्या काय करतो, आम्हाला हवं ते काम याने कधी केलंय का, आणि नसेल तर त्याच्या जवळपासचं काही केलंय का. साठाव्यापर्यंत मी अर्ज बाजूला ठेवायला निमित्त शोधत होते, हे कबूल करते. द लॅडर्स या नोकरीविषयक कंपनीने २०१२ साली भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, तेव्हा एका सीव्हीवरची पहिली नजर साधारण ६ सेकंदांची निघाली. २०१८ साली पुन्हा मोजलं तर ७.४ सेकंद. हे वाचून मला जरा हायसं वाटलं. म्हणजे मी एकटीच आळशी नव्हते.

अर्ज करणाऱ्याला हे अन्यायाचं वाटणारच. पण टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या ७ सेकंदांत काय शोधलं जाणार आणि पुढे मुलाखतीत काय विचारलं जाणार, हे बहुतेक वेळा नोकरीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं. पेपर आधीच फुटलेला असतो, तरी निम्मे लोक तो न वाचता परीक्षेला बसतात.

आधी जाहिरात वाचा, सीव्ही नंतर उघडा

जाहिरातीचा मजकूर एका कोऱ्या फाइलमध्ये चिकटवा आणि सेव्ह करा. हे पहिलं काम, कारण अर्जाची मुदत संपली की जाहिरात साइटवरून गायब होते. तीन आठवड्यांनी मुलाखतीचा फोन येतो तेव्हा नेमकं काय मागितलं होतं, ते आठवत नाही.

मग ओळीओळीने वाचा. समजा, अकाउंट्स सहाय्यकाची जागा आहे आणि कामाच्या यादीत लिहिलंय: बिलांची नोंद, थकबाकीचा पाठपुरावा, एक्सेलमध्ये मासिक अहवाल, इतर विभागांशी समन्वय. यादीतलं पहिलं काम बहुधा दिवसाचा सगळ्यात मोठा तुकडा असतं. ‘थकबाकीचा पाठपुरावा’ म्हणजे पैसे न देणाऱ्यांना पुन्हापुन्हा फोन करणं आणि तरीही आवाज न चढवणं. ‘समन्वय’ म्हणजे दुसऱ्या विभागातल्या माणसाकडून कागद काढून घेणं. दोनदा आलेल्या शब्दाखाली रेघ मारा. ‘उत्साही’, ‘गतिमान वातावरण’ वगैरे भरताड आहे, ती खुशाल सोडा.

सगळ्या अटी पूर्ण होत नसतील तर? जाहिरात ही बऱ्याच अंशी इच्छायादी असते. लिहिणाऱ्याने आपल्या स्वप्नातला उमेदवार लिहिलेला असतो. मुख्य काम जमणार असेल आणि दोन-तीन बाबी कमी पडत असतील, तर अर्ज करा. अपवाद कायद्याने लागणाऱ्या गोष्टींचा: परवाना, नोंदणी, ठरावीक पदवी. तिथे घासाघीस चालत नाही.

एक मोठी फाइल, फक्त स्वतःसाठी

ही फाइल कुणालाही पाठवायची नाही. आजवर केलेलं सगळं त्यात ओता: नोकऱ्या, इंटर्नशिप, कॉलेजचे प्रकल्प, स्वयंसेवी काम, घरच्या धंद्यात केलेली मदत. प्रत्येकापुढे महिना-वर्ष, कामाचा आकार (किती माणसं, किती बिलं, किती दिवस), काय बिघडलं आणि तुम्ही काय केलंत. एक अख्खा दिवस जाईल. पण त्यानंतर प्रत्येक अर्जाचा सीव्ही या फाइलमधून अर्ध्या तासात कापून काढता येतो. ज्यांच्याकडे अशी फाइल नसते ते एकच सीव्ही पन्नास ठिकाणी पाठवतात, आणि तो पन्नासही ठिकाणी थोडाथोडा चुकीचा असतो.

सीव्ही

‘करिक्युलम व्हिटे’ हे लॅटिन, अर्थ आयुष्याचा प्रवास. ‘रेझ्युमे’ हा फ्रेंच शब्द, अर्थ सारांश. नाव काहीही द्या, मागणाऱ्याला सहसा सारांशच हवा असतो. नवख्याला एक पान पुरतं, बराच अनुभव असेल तर दोन. विद्यापीठातल्या आणि संशोधनाच्या जागांचं गणित निराळं: तिथे शोधनिबंधांची पूर्ण यादी लागते आणि पानं वाढली तरी चालतात.

आपलं काय सांगायचं हे समोरच्याची गरज पाहून ठरवायचं, याचा माझा आवडता दाखला लिओनार्दो दा विंचीचा आहे. १४८२च्या सुमारास त्याने मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला कामासाठी पत्र लिहिलं. तेव्हा तो तिशीचा. पत्रात क्रमवार दहा मुद्दे आहेत, आणि त्यांतले पहिले नऊ हलके पूल, तोफा, वेढा घालायची साधनं, बंद रथ अशा लढाईच्या गोष्टींबद्दल. शांततेच्या काळात इमारती बांधेन, पाणी वळवेन, हे थेट दहाव्यात. शिल्प आणि चित्र जवळपास शेवटी. त्याला चित्रकला येत नव्हती म्हणून नव्हे; वाचणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा लढाई होती म्हणून.

आता ओळी. सर्वात जास्त वेळ इथे घालवा. माझ्यापुढे आलेल्या अर्जांमध्ये ही ओळ अगणित वेळा होती:

‘कॉलेजच्या वार्षिक कार्यक्रमात सक्रिय सहभाग.’

सक्रिय म्हणजे काय केलंत? खुर्च्या लावल्यात? भाषण केलंत? विचारल्यावर एका मुलीने जे सांगितलं, ते कागदावर असं येऊ शकलं असतं:

‘वार्षिक कार्यक्रमाच्या समितीत जमाखर्च सांभाळला. ६० सभासदांची नोंद एक्सेलमध्ये ठेवली. वर्गणी थकलेल्या ११ जणांना फोन करून मुदतीआधी रक्कम जमा केली.’

वरची अकाउंट्सची जाहिरात आठवा. नोंद, पाठपुरावा, एक्सेल: तिन्ही एका ओळीत आले, आणि त्या मुलीने तोवर एक दिवसही नोकरी केलेली नव्हती. साचा सोपा आहे. काय केलं, किती केलं, त्यातून काय झालं. आकडा नसेल तर ‘रोज’, ‘दर आठवड्याला’, ‘दोघांच्या मदतीने’ असं लिहा. पण आकडा फुगवू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.

‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘टीम प्लेअर’ या शब्दांना मी एक चाळणी लावते. त्याच्या उलट कुणी कधी लिहील का? मी आळशी आहे आणि सगळ्यांशी भांडतो, असं कुणी लिहीत नाही. मग मेहनती लिहिण्यालाही काही किंमत राहत नाही. तसंच ते कौशल्यांचे रंगीत पट्टे, ‘एक्सेल ८०%’. उरलेलं २०% कुठलं, असं विचारायचा मोह मला दरवेळी होतो. त्याऐवजी ‘पिव्हट टेबल, व्हीलुकअप रोज वापरते’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं.

वैयक्तिक माहितीत नाव, फोन, ईमेल आणि शहर इतकं बस. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, फोटो हे देशागणिक बदलतं. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ते टाळतात, कारण भेदभावाचा प्रश्न येतो. जर्मनीत फोटो लावायची पद्धत अजून दिसते. जिथे अर्ज करताय तिथली रीत पाहा. मधे वर्षभर खंड पडला असेल तर एका ओळीत कारण द्या: आजारपण, घरच्यांची देखभाल, अभ्यास. रिकामी जागा पाहून वाचणारा जी कल्पना करतो ती खऱ्या कारणापेक्षा नेहमी वाईट असते.

आणि फोन नंबर स्वतः डायल करून पाहा. मी एकदा बंद पडलेला नंबर छापलेला सीव्ही दोन महिने पाठवत होते आणि कुणीच कसं बोलवत नाही म्हणून जगाला दोष देत होते.

यंत्राची चाळणी

बऱ्याच मोठ्या संस्था अर्ज एका सॉफ्टवेअरमध्ये घेतात; त्याला एटीएस म्हणतात. ते तुमच्या फाइलमधला मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव अशा खणांत टाकतं. सुंदर दोन रकानी डिझाइन, तक्ते, चित्राच्या आतला मजकूर, पानाच्या अगदी माथ्यावरच्या पट्टीत लिहिलेला फोन नंबर, हे सगळं त्यात विस्कटू शकतं. तपासायची साधी पद्धत: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रमाने वाचता आलं तर यंत्रालाही बहुतेक येईल. मजकूर निवडताच येत नसेल, तर तुम्ही सीव्हीचा फोटो पाठवताय.

यंत्र बहुतेकांना परस्पर बाद करतं, असं सर्रास सांगितलं जातं. माझ्या पाहण्यात आपोआप बाद होतात ते सीव्हीमुळे कमी आणि ऑनलाइन फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे जास्त: काम करायची परवानगी आहे का, किती वर्षांचा अनुभव, कधी रुजू होणार. ते घाईत भरू नका. बाकी वेळा माणूसच शब्द टाकून शोधतो. म्हणून जाहिरातीतला शब्द जसाच्या तसा वापरा. त्यांनी ‘थकबाकी’ लिहिलं असेल तर तुम्ही ‘येणे रक्कम’ लिहू नका. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती मात्र नको. मजकूर खणांत उतरला की तो लख्ख दिसतो आणि लाज जाते.

फाइलचं नाव: तुमचं नाव, पदाचं नाव. ‘रेझ्युमे फायनल फायनल २’ असं नाव असलेल्या फाइल मी इतक्या पाहिल्यात की आता त्यांचं मला प्रेमच वाटतं, पण त्यातून कुणाची ते कळत नाही.

सोबतचं पत्र

मागितलं असेल तर लिहाच. मागितलं नसेल तरी ईमेलचा मजकूर हेच तुमचं पत्र. सीव्हीची पुनरुक्ती करायची नाही. साधारण असं:

‘नमस्कार, अकाउंट्स सहाय्यक या पदासाठी अर्ज पाठवत आहे. जाहिरातीत थकबाकीच्या पाठपुराव्यावर भर दिसला. कॉलेजच्या समितीत मी तेच काम केलं: ६० जणांचा हिशेब ठेवला आणि न आलेली रक्कम फोन करून मिळवली. बिलांच्या सॉफ्टवेअरवर मी अजून काम केलेलं नाही. एक्सेल मात्र रोजच्या वापरातलं आहे. १ तारखेपासून रुजू होऊ शकते. सीव्ही जोडला आहे.’

इतकंच. जे येत नाही ते स्वतःच सांगितलं, यामुळे बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. हल्ली अशी पत्रं एआयकडून लिहून घेतात. शुद्धलेखन तपासायला, वाक्य आखूड करायला ते छान आहे. पण एका दिवसात एकाच सुरातली वीस पत्रं वाचणाऱ्याला तो सूर लगेच ओळखू येतो. प्रसंग तुमचाच हवा.

पाठवल्यावर वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंद करा: तारीख, पद, कुठला सीव्ही पाठवला, जाहिरात कुठे सेव्ह केली. एकदा आठवडा-दहा दिवसांनी दोन ओळींची विचारणा चालते. त्यानंतरही उत्तर नसेल तर ते उत्तरच समजा आणि पुढे चला. शांतता हा या प्रक्रियेतला सगळ्यात नेहमीचा प्रतिसाद आहे आणि तो तुमच्या लायकीबद्दल फारसं काही सांगत नाही. जागा रद्द होते, आतल्या माणसाला मिळते, साहेब रजेवर जातात.

ओळखीचं कुणी तिथे असेल तर ‘माझ्यासाठी बघा ना’ म्हणण्याऐवजी कामाबद्दल विचारा: दिवस कसा जातो, नवा माणूस कुठे अडखळतो. या प्रश्नांना लोक आनंदाने उत्तर देतात, आणि त्यातून मुलाखतीची निम्मी तयारी होते.

एक सावधगिरी. अर्ज, ट्रेनिंग, लॅपटॉपची अनामत, कागदपत्रांची पडताळणी, कुठल्याही नावाने पैसे मागितले की ती फसवणूक समजा. मुलाखत न घेता आलेलं ऑफर लेटरही तसंच. ओटीपी कुणी मागितला तर फोन ठेवा.

पहिला फोन

हा दहा-पंधरा मिनिटांचा असतो, आणि एचआरला यात फक्त खात्री करायची असते: तुम्ही खरंच उपलब्ध आहात का, बोलणं ठीक आहे का, पगाराची अपेक्षा आवाक्यातली आहे का. गर्दीत फोन आला तर ‘दहा मिनिटांत मी फोन केला तर चालेल का?’ असं विचारा. कुणी नाही म्हणत नाही. रस्त्यावर धापा टाकत बोलण्यापेक्षा ते केव्हाही बरं. पगाराचा आकडा आधी शोधून ठेवा आणि एक पट्टा सांगा, ज्याचं खालचं टोकही तुम्हाला परवडेल. कारण ऐकणाऱ्याला खालचंच टोक ऐकू येतं.

मुलाखत

मुलाखतींवर बरंच संशोधन झालंय. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली जुन्या अभ्यासांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा कामगिरीचा अंदाज बांधण्याच्या पद्धतींत आखीव मुलाखत सर्वात वर आली. आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि प्रत्येक उत्तराला गुण. हे माहीत असलं की एक भीती जाते. समोरचा माणूस मान खाली घालून लिहीत असतो तो तुमच्यावर नाराज म्हणून नव्हे, गुणांचा तक्ता भरायचा असतो म्हणून.

तयारी उत्तरांची करू नका, प्रसंगांची करा. मोठ्या फाइलमधून सहा प्रसंग निवडा: काहीतरी अडलं आणि सोडवलं, कुणाशी मतभेद झाला, चूक झाली, नवं काही घाईत शिकलात, मुदत पाळली, कुणाला मदत केली. निरनिराळे वाटणारे वीस-पंचवीस प्रश्न या सहांत बसतात. सांगताना चार टप्पे: परिस्थिती, त्यात तुमची जबाबदारी, तुम्ही केलेली कृती, निकाल. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘स्टार’ म्हणतात. पहिल्या दोन टप्प्यांवर फार वेळ जातो, तिथे आवरा. गुण तिसऱ्याला असतात.

ऐकताना मला सर्वात जास्त अडतं ते ‘आम्ही’. ‘आम्ही ठरवलं, आम्ही फोन केले, आमचं झालं.’ स्वतःचं कौतुक करायला संकोच वाटतो, हे मला कळतं. मराठीत ‘मी’ ‘मी’ करणाऱ्याला आपण हसतोच. पण पॅनेलला ‘आम्ही’ला गुण देता येत नाहीत. त्या मुलीला मी विचारलं, थकलेल्यांकडून पैसे कसे आणलेत? ती म्हणाली, ‘आम्ही त्यांना समजावलं.’ आम्ही म्हणजे कोण? मग थोडं थांबून म्हणाली, ‘मीच. आधी सगळ्यांना एकच मेसेज टाकला होता, कुणी उत्तर दिलं नाही. म्हणून एकेकाला फोन केला. तिघांची खरंच अडचण होती, त्यांना दोन हप्ते करून दिले.’ तीन वाक्यांत तिने दाखवलं की पहिला उपाय फसल्यावर ती दुसरा शोधते, आणि पैसे मागताना माणूस पाहते. माझं पेन तिथेच चालायला लागलं.

‘स्वतःबद्दल सांगा’ याला दीड मिनिट. आत्ता काय करता, इथवर कसे आलात, आणि हीच जागा का. जन्मगावापासून सुरुवात नको. हा एकच भाग मोठ्याने म्हणून पाहा, फोनवर रेकॉर्ड करून ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज असह्य वाटतो, तिसऱ्यांदा वाक्यं सुटी होतात.

कमकुवत बाजू विचारली तर ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ सोडून काहीही सांगा. खरी, पण या कामाचा कणा नसलेली उणीव आणि तिच्यावर सध्या काय करताय, हे दोन वाक्यांत. उत्तर येत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, मी ते अमुक पद्धतीने शोधेन’ म्हणा. थाप मारणाऱ्याला पुढचा प्रश्न बरोबर पकडतो.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ येतं. नाही म्हणू नका. ‘पहिल्या तीन महिन्यांत या माणसाने काय केलं तर तुम्ही समाधानी व्हाल?’ हा माझा लाडका प्रश्न. ‘ही जागा का रिकामी झाली?’ हाही विचारा, आणि उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे पाहतात का, ते बघा.

ऑनलाइन असेल तर उजेड समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, चार्जर लावलेला, आणि स्क्रीनवर तुमचं खरं नाव. प्रत्यक्ष असेल तर दहा मिनिटं आधी पोहोचा. पाऊण तास आधी गेलात तर बाहेर फिरून या, त्यांना बसवून ठेवायची पंचाईत होते.

त्याच संध्याकाळी विचारलेले सगळे प्रश्न आठवतील तसे नोंदवहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा आभाराचा मेल. नकार आला तर एकच प्रश्न विचारा: कुठे कमी पडले? दहांतले दोन जण खरं सांगतात. होकार आला तर तोंडी होकारावर चालू नोकरीचा राजीनामा देऊ नका. लेखी पत्र हातात येऊ द्या, त्यात पद, हातात येणारा पगार, रुजू व्हायची तारीख, प्रोबेशनचा काळ आणि नोटीस पिरियड वाचा, शंका असेल ती सही करण्याआधी विचारा. मगच राजीनामा, आणि बाकी जिथे अर्ज चालू असतील त्यांना नाव मागे घेत असल्याचा मेल. तिथेही कुणीतरी यादी घेऊन बसलेलं असतं.